सकाळचं पाणी

वैशाख निम्मा उलटला तेव्हा कान्होजीनं मोटेच्या नाड्याला पुन्हा एक जोड दिला. पाणी रोज खाली चाललं होतं. बैल धावेवरून उतरत, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई, आणि ती अर्धीच भरली होती हे नुसत्या आवाजावरून कळे. दुपारी तर मोटेबरोबर गाळच येई.

खेरिया गाव मुरारच्या पलीकडं, नदी ओलांडून. वस्ती सगळी भाजीपाला पिकवणाऱ्या काछ्यांची आणि गुजरांची. मराठ्यांचं घर एकच. कान्होजीचा पणजोबा दक्षिणेतून घोड्यावर आला, त्याला इथली जमीन इनाम मिळाली, आणि तो इथंच राहिला. वडील मानसिंगराव रिसाल्यात होते. घोड्याखाली येऊन मांडी मोडली तेव्हापासून ते ओसरीवर बाजेवर असत. घरात मराठी, अंगणाबाहेर हिंदी, आणि दोहोंची सरमिसळ कधी झाली ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं.

विहिरीला लागून कान्होजीचा द्राक्षाचा मांडव होता. गावात त्याचं हसू होई. गहू सोडून हा माणूस वेल पोसतो, आणि फळ खात नाही की विकत नाही, पायानं तुडवतो. तरणा असताना लष्कर शहरात मल्हारराव सरदारांच्या कोठीवर तो चाकरीला होता. काम पहाऱ्याचं, पण मन रमलं ते आबदारखान्यात, पेयं ठेवायच्या खोलीत. तिथं मिंगेल नावाचा गोव्याचा म्हातारा कोठीच्या बागेतल्या द्राक्षांची वाइन करी. कान्होजी पहारा संपला की त्याच्याजवळ जाऊन बसे. रस कधी गप्प होतो, कधी बोलू लागतो, कधी रागावतो, ते म्हाताऱ्यानं त्याला कान लावून ऐकायला शिकवलं. मिंगेल गेला. कोठीच्या धाकट्या साहेबांनी बाग मोडून टेनिसचं मैदान केलं. तेव्हा कान्होजीनं वेलांच्या काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून गावी आणल्या आणि शेजारच्या हरप्रसाद काछीला हाताशी घेऊन लावल्या.

पहिल्या साली सगळा रस आंबट होऊन सिरका झाला. पुढच्या खेपेला बरं साधलं. त्यातल्या थोड्या बाटल्या कोठीवर गेल्या, आणि मग काही निरोप आला नाही. आता मात्र कोठीचे कारभारी रमाकांतपंत तांगा करून स्वतः आले होते. धुळीनं त्यांची टोपी पांढरी झाली होती.

"लढाईपायी विलायती माल यायचा बंद झाला," पंत मांडवाखाली उभं राहून घोसांकडं बघत म्हणाले. "साहेबांच्या मेजावर आता काय ठेवायचं? मागची तुमची बाटली परवा निघाली. साहेब म्हणाले, ही कुणाची? मी म्हटलं, आपल्याच कान्होजीची."

"आवडली?"

"म्हणाले, थोडी कच्ची आहे, पण खोटी नाही. आता ऐका. दसऱ्याला रेसिडेन्सीचे पाहुणे येणार. त्या वेळेला चांगली उतरली तर आबदारखाना तुमच्या हवाली. टेनिसची जागा परत बाग होईल. आबकारीचा परवाना वगैरे साहेब बघून घेतील. तुम्ही फक्त माल बिघडू नका देऊ."

तांगा गेला तरी कान्होजी मांडवाखालीच उभा होता. लूच्या झळा सुटल्या होत्या. वेलाची पानं कडेनं करपून विडीच्या पानासारखी वळली होती, आणि घोस अजून पिकायचे होते. त्यानं एक मणी तोंडात टाकला. साल जाड, आत आंबट. वेलांना पाणी मिळालं नाही तर हे मणी पिकण्याआधीच सुकून जाणार होते.

त्या विहिरीवर हरप्रसादची पाळी होती. सकाळची मोट काछीची, दुपारनंतरची इनामदाराची, अशी वाटणी कान्होजीच्या आजानं घालून दिली होती. बदल्यात काछी विहिरीचा गाळ काढत आणि घरात भाजी देत. पाणी भरपूर होतं तेव्हा सकाळ काय आणि दुपार काय, कुणी विचार केला नाही. पण यंदा रात्रभर झरे पाझरून जे काही साठे ते सकाळच्या मोटेलाच लागे. दुपारी तळ दिसे. हरप्रसादची भेंडी आणि काकडी त्या सकाळच्या पाण्यावर उभी होती.

संध्याकाळी कान्होजी ओसरीवर बापाजवळ बसला.

"आबा, सकाळची पाळी थोडे दिवस आपण घ्यावी म्हणतो."

मानसिंगराव पाय चोळत होते. "पाळी माझ्या बापानं दिली आहे."

"कायमची नाही. घोस उतरेपर्यंत."

"प्यायची ती मर्दानं, काढायची ती कलालानं. हे मी तुला आधीच सांगून चुकलोय." म्हातारा थांबला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "कोठीवर तुला पेले भरणारा आबदार म्हणतील की दारोगा?"

"दारोगा म्हणतील."

म्हाताऱ्यानं पुढं काही म्हटलं नाही. कान्होजीनं त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा घेतला.

हरप्रसाद त्याच्याच वयाचा. दोघं या विहिरीत पोहायला शिकले होते. कान्होजी बांधावर गेला तेव्हा तो वाफ्यात उकिडवा बसून काकडीच्या वेलाखाली पाचोळा सारत होता.

"हरप्रसाद, एक बात थी."

"कहो भैया."

"थोडे दिन सबेरे का पानी मैं ले लूं? अंगूर उतरने तक. फिर तू जितने दिन चाहे दोनों बखत ले."

हरप्रसादनं हात झाडले. वाफ्याकडं बघितलं, मग विहिरीकडं. कान्होजीच्या तोंडाकडं बघितलं नाही. "आपका कुआँ है भैया," तो म्हणाला. "हम का कहें."

त्यानं नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं कान्होजीला परत येताना वाटलं. पण पाय भराभर उचलत होते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळची मोट वेलांना सुरू झाली. आठवड्यात पानं सुधारली. मण्यांवर रंग चढू लागला, हिरवा, मग तांबूस, मग जांभळा. कान्होजी दिवसभर मांडवाखाली असे. पोपट हाकली, गांधीलमाशांची पोळी काठीनं पाडी, हात सुजवून घेई. कुसुम, त्याची बायको, जेवण घेऊन येई ती बांधापलीकडं बघत उभी राही.

"भेंडी गेली त्यांची," एकदा ती म्हणाली.

"दुपारची मोट आहे ना त्यांना."

"दुपारी काय निघतं ते तुम्ही पाहता ना रोज? हरप्रसादची बायको, रामकली, थारोळ्यातलं पाणी वाटीनं भरत होती. प्यायला. मी म्हटलं, आमच्या घागरीतलं घेऊन जा. तर म्हणाली, नको भाभी, बैठ जाएगा तो साफ हो जाएगा." कुसुमनं भाकरीवरचं फडकं सारखं केलं. "गाळ खाली बसायची वाट बघत होती. लेकरू कडेवर होतं."

कान्होजी जेवत राहिला. घास तोंडात फिरत राहिला, पण त्यानं तो गिळला.

घोस उतरले ते जेठ लागल्यावर. पहाटेच्या गारव्यात दोघं नवराबायको घोस कापत होते. द्राक्षं दगडी कुंडीत घातली. जांघेपर्यंत धोतर वर खोचून कान्होजी तुडवत होता. साली पायाच्या बोटांतून निघत, बिया तळव्याला टोचत, रस पोटऱ्यांवर चढे. मिंगेल म्हणे, बी फुटू देऊ नको, कडू होईल. म्हणून तो टाच न टेकता नाचल्यासारखा तुडवी आणि संध्याकाळी त्याला उभं राहवत नसे. मग सगळं तळघरातल्या मोठ्या रांजणांत भरलं.

घोस उतरले होते. दिलेला शब्द आता पुरा करायचा होता. पण रस रांजणात जागा झाला की आतून तापतो, आणि बाहेर अशी लू. रांजण गार ठेवले नाहीत तर पुन्हा सिरका. रांजणांभोवती पोती गुंडाळलेली, आणि ती सतत ओली हवी. दुपारचं गढूळ पाणी दोन वेळा शिंपडलं की संपे. सकाळचं पाणी लागणारच होतं.

तो हरप्रसादकडं गेला नाही. जायला हवं होतं हे त्याला ठाऊक होतं. आज जाऊ, उद्या जाऊ असं करत राहिला, आणि रोज सकाळी बैल जुंपत राहिला. हरप्रसादही विचारायला आला नाही.

"रांजणांना पाणी पाजताय तुम्ही," कुसुम म्हणाली. तिच्या डोक्यावर घागर होती, ती उतरवायला त्यानं हात दिला नाही, आणि तिनं मागितला नाही. तळघराच्या पायऱ्या उतरून तिनं ती पोत्यांवर ओतली. पोत्यांनी पाणी पिऊन टाकलं.

एके सकाळी बांधावर कुणी दिसेना. वाफे पांढरे पडले होते. काकडीचे वेल वाळून दोरीसारखे झाले होते. रामकली दारात लेकराला घेऊन बसली होती.

"हरप्रसाद कहां है?"

तिनं पदर पुढं ओढला. "खदान पे गए हैं. पत्थर तोड़ने."

डोंगराच्या बाजूला दगडाच्या खाणी होत्या. लष्करातली निम्मी घरं त्या दगडाची. पण तिथं जाणारे लोक वेगळे, लहानपणापासून घण उचललेले. हरप्रसादचे हात रोपं लावायचे. काकडीचा कोवळा वेल तो दोन बोटांनी असा उचलून काठीवर चढवी की वेलाला कळू नये.

"कब तक?"

"बरखा तक," ती म्हणाली.

त्या दिवशी कान्होजीनं दुपारी बैल सोडून दिले आणि सबंध दुपार तळघरात काढली. रस बोलत होता. रांजणाच्या तोंडाशी सालींचा जाड थर वर आला होता, त्यातून बुडबुडे फुटत होते. लाकडी दांड्यानं तो थर खाली दाबायचा, दिवसातून कितीदा तरी. आत उतरताना मेणबत्ती पुढं धरावी लागे. ती विझली तर मागं फिरायचं, कारण तिथं श्वास घ्यायला हवा नसते. कान्होजीनं कान लावला. आवाज एकसारखा होता, मंद, तक्रार नसलेला. एवढं चांगलं कधीच साधलं नव्हतं. त्याला आनंद झाला, आणि तो झाला म्हणून लाज वाटली, आणि तरी आनंद गेला नाही.

रस शांत झाला. साली काढल्या, रस गाळून दुसऱ्या रांजणांत भरला. आकाशात ढग जमू लागले होते. एका दुपारी गुजरांचा एक म्हातारा ओसरीशी थांबून मानसिंगरावांना म्हणाला, "काछी का हाथ गया, सुना आपने? पत्थर सरक गया."

कान्होजी पायरीवरच होता. हातातला दांडा त्यानं भिंतीला टेकवला तो घसरून पडला.

हरप्रसादला बैलगाडीतून आणलं होतं. उजव्या पंज्यावर जाड पट्ट्या गुंडाळलेल्या. मुरारच्या दवाखान्यातून तो परस्पर आला होता. डॉक्टरनं बोटं काढली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. बाजेवर पडून तो छपराकडं बघत होता. कान्होजी उशाशी बसला.

"दुखता है?"

"अब कम है."

"मैंने पानी लौटाया नहीं," कान्होजी म्हणाला.

"काम था आपका."

"तू बोलता तो सही."

हरप्रसादनं डोळे मिटले. "आपका कुआँ है भैया," तो पुन्हा तेच म्हणाला. आवाजात राग नव्हता. कान्होजीनं तो शोधून पाहिला, पण नव्हता.

त्याच रात्री पाऊस पडला, आणि पडतच राहिला. विहीर कठड्याखाली हातभर येईपर्यंत भरली. कान्होजीनं घरातली ज्वारी पोत्यात भरली आणि पाठीवर घेऊन स्वतः काछीच्या घरी नेली. रामकलीनं दारातूनच ती घेतली.

"सबेरे की पाली कल से तेरी," तो हरप्रसादला म्हणाला. "दोनों बखत ले."

हरप्रसाद भिंतीला टेकून बसला होता. बाहेर पागोळ्या गळत होत्या, अंगण पाण्यानं भरलं होतं. तो त्या पाण्याकडं बघत राहिला, आणि त्याच्या ओठांवर काहीसं हसू आलं. कान्होजीला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. तो उठून आला.

पावसाळाभर वाइन तळघरात निवळत होती. भादव्यात कान्होजीनं पहिल्यांदा ती पेल्यात काढली आणि दारात उजेडाला धरली. रंग स्वच्छ उतरला होता. तोंडात घेतली, आधी फळ, मग जरा तुरट, आणि गिळल्यावर मागं राहणारी ऊब. खोट काढायला जागा नव्हती. तो पेला हातात घेऊन बराच वेळ पायरीवर बसून राहिला. बिघडली असती तर, असं त्याच्या मनात आलं. बिघडली असती तर निदान दोघांचंही गेलं असतं.

मानसिंगरावांनी पेला मागितला. त्यांनी घोट घेतला, मिशा पुसल्या. "वा," ते म्हणाले. मग पेला परत देत म्हणाले, "काछीचा हात कसा आहे?"

"भरतोय."

"हं," म्हातारा म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

बाटल्या पेंढ्यात रचून गाडीनं लष्करात गेल्या. निघताना कुसुम दाराशी आली. "साहेब खूश झाले तर विचारतील, काय हवं म्हणून. हरप्रसादसाठी मागा. कोठीची बाग होणार आहे ना? तिथं माळ्यांवर मुकादम लागेल. त्याला हातानं थोडंच करायचंय, नजरेनं करायचंय."

"मागतो," कान्होजी म्हणाला. तेव्हा तो खरंच मागणार होता.

वाटभर त्यानं वाक्य जुळवलं. किला गेटाशी बैलांना पाणी पाजताना त्यानं ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. साहेब, माझा एक माणूस आहे. साहेब, या वाइनीसाठी ज्याचं पाणी गेलं तो माणूस.

मेजवानी दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी झाली. कान्होजीला नवा फेटा दिला होता. तो आबदारखान्याच्या दारात उभा होता, तिथून मेज दिसत होतं. गोऱ्या पाहुण्यांपैकी एकानं पेला दिव्यापुढं धरला, प्याला, आणि मल्हाररावांना काहीतरी म्हणाला. मल्हारराव हसले. मग त्यांनी मान वळवून रमाकांतपंतांना खूण केली, आणि पंतांनी कान्होजीला मेजाजवळ नेलं. सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या.

"हा आमचा माणूस," मल्हारराव पाहुण्यांना म्हणाले. मग मराठीत, "शाबास. विलायती म्हणून खपली असती. काय पाहिजे तुला? बोल."

कान्होजीनं मुजरा केला. वाक्य तोंडाशी होतं. पण त्यात दुष्काळ होता, तुटका हात होता, आणि इथं चांदीची ताटं होती आणि माणसं हसत होती. आता हे बोललो तर पेल्यातली चव बदलेल, असं त्याला वाटलं. साहेब पुन्हा कधी माझ्याकडं बघणार नाहीत, असंही वाटलं.

"साहेबांची कृपा," तो म्हणाला. "आबदारखाना मिळाला म्हणजे सगळं मिळालं."

"तो मिळालाच," मल्हारराव म्हणाले आणि पाहुण्यांकडं वळले.

सगळं एवढ्यात उरकलं.

घरी आला तेव्हा कुसुमनं पाण्याचा तांब्या दिला. नेमणुकीचं ऐकून तिनं देवापुढं साखर ठेवली. मग विचारलं, "हरप्रसादचं बोललात?"

"बोललो."

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

तो हात धुवायला वळला. हे खोटं कुठं जाईल याचा विचार त्यानं केला नाही. पण ते दुसऱ्याच सकाळी परत आलं. रामकली अंगणात आली. लेकरू तिच्या पदराला धरून होतं. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, वाकली, आणि कान्होजीच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला.

"भाभी ने बताया," ती म्हणाली. "आपने बड़े साहब से बात की. ये तो रात भर सोए नहीं. बोले, बाग़ में काम मिल जाए तो एक हाथ से भी कर लेंगे."

कुसुम चुलीपुढून हसऱ्या तोंडानं बघत होती. ओसरीवर मानसिंगराव होते. कान्होजीनं पाय मागं घेतला, पण ती वाकून झाली होती. त्याच्या पायाला तिच्या बोटांचा स्पर्श राहिला. खरखरीत, चिखलाचा.

ती गेल्यावर तो जागचा हलला नाही.

"काय झालं?" कुसुमनं विचारलं.

"मी बोललो नाही," तो म्हणाला. "कोठीवर. एक शब्द नाही बोललो."

कुसुमच्या हातात परात होती. तिनं ती सावकाश खाली ठेवली. बापानं ऐकलं की नाही, ते कळलं नाही. त्यांनी डोळे मिटले होते.

"मग आता तुम्हीच जाऊन सांगा," कुसुम म्हणाली. "मी नाही सांगणार."

हरप्रसाद अंगणात बाजेवर बसला होता. डाव्या हातानं विळा धरून तो लाकडाचा एक तुकडा तासत होता, जमत नव्हतं. कान्होजीला पाहून त्यानं जागा करून दिली. कान्होजी शेजारी बसला. या खेपेला हरप्रसाद त्याच्या तोंडाकडं बघत होता. आशेनं बघत होता, ते सोसवेना.

"हरप्रसाद, मैंने बात नहीं की."

"मौका नहीं मिला होगा."

"मिला था. साहब ने खुद पूछा, क्या चाहिए. सब के सामने पूछा. मैंने तेरा नाम नहीं लिया. अपना लिया."

विळा थांबला. रामकली शेण थापत होती, तीही थांबली. लेकरू मांजरामागं पळत होतं, तेवढाच आवाज होता.

"पानी माँगा, मैंने दिया," हरप्रसाद म्हणाला. तो हळू बोलत होता, जणू एकेक ढेकूळ उचलून बाजूला ठेवतो आहे. "वो मेरी गलती थी. मुझे ना कहना था. हाथ गया, वो भी मैंने कहा, करम है. खदान में किसी ने धक्का नहीं दिया. पर इसको तुम्हारे पाँव क्यों छुआए?"

आजवर तो कान्होजीला 'आप' म्हणत आला होता.

कान्होजीनं पाय बाजेखाली ओढून घेतले.

"उठो खटिया से," हरप्रसाद म्हणाला.

कान्होजी उठला.

"रामकली, इनकी जुआर लौटा दे."

ती आत गेली. आत बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दोन गाठोडी होती. एकात ज्वारी, तळाशी राहिलेली. दुसरं मऊ होतं. "ये पिसी हुई है," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "कल ही पीसी. बाकी खा ली, वो मजूरी करके लौटा देंगे."

"रहने दे," कान्होजी म्हणाला.

"नहीं," हरप्रसाद म्हणाला. "ले जाओ."

भर दिवसा तो गावातून निघाला, एका खांद्यावर ज्वारी, दुसऱ्या हातात पीठ. विहिरीवर बायका होत्या, त्या गप्प झाल्या. गुजराच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काए भैया, का लै जा रए?" "आटा," तो म्हणाला. "कहाँ से?" "हरप्रसाद के घर से." म्हातारा पुढं काही विचारणार होता, पण कान्होजीचं तोंड बघून राहिला.

कुसुमनं गाठोडी घेतली आणि आत नेऊन ठेवली.

दिवाळीनंतर हरप्रसाद बायकोलेकराला घेऊन थाटीपुरकडं गेला. तिथं कुणाच्या मळ्यावर राखणीचं काम मिळालं असं लोक म्हणत. घराला त्यानं कुलूप लावलं नाही. नुसती कडी घातली.

पण ते नंतरचं. गाठोडी परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी कान्होजीला कोठीवर रुजू व्हायचं होतं. कुसुमनं पहाटे भाकऱ्या थापल्या, फडक्यात बांधल्या, वर कांदा ठेवला. त्यानं गाठोडं हातात घेतलं तेव्हा ते अजून गरम होतं.

आबदारखान्यात दगडी फरशी होती आणि वाळ्याचे पडदे. दसरा झाला तरी ऊन कडक होतं. भिश्ती मशक घेऊन आला आणि पडद्यांवर, रांजणांवर, भिंतींवर पाणी ओतत गेला. पाणी फरशीवरून वाहत मोरीतून बाहेर पडलं. संध्याकाळी पुन्हा येतो म्हणाला. मग दम खायला तो उंबऱ्यावर टेकला.

कान्होजीनं भाकरीचं फडकं सोडलं. भाकरी जाडसर होती. जात्याचे दगड झिजलेले असावेत. कोंडा दाताखाली येत होता, मधूनच कच. घरच्या पिठाची भाकरी अशी होत नसे. पहिला घास तोंडात जाताच त्याला कळलं. कुसुमनं सांगितलं नव्हतं, आणि चुकूनही केलं नव्हतं.

त्यानं भाकरी खाली ठेवली. पुन्हा उचलली. भिश्ती बघत होता.

"घर की रोटी है, दारोगाजी?"

दारोगा म्हणून त्याला हाक मारणारा हा पहिलाच माणूस.

"नहीं," कान्होजी म्हणाला. "हमारे गाँव का एक काछी है. उसके घर का आटा है."

"भेजा होगा, खुशी में," भिश्ती म्हणाला आणि मशक खांद्यावर टाकून निघून गेला.

कान्होजी सावकाश चावत राहिला. फडक्यावर पडलेला चुरा त्यानं बोटानं टिपून तोंडात घातला. दुसरी भाकरी त्याला जात नव्हती, तरी त्यानं ती खाल्ली.